बोंडवेल आणि लोखंडी कपाट

अमरावती
६ जानेवारी २०२५

प्रिय रागिणीताई,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतेस आणि मागून कुकरची शिट्टी होते. व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तुझं व्हॉट्सअॅप दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडं असतं आणि तुझे दीर नितेशराव त्यात ऑर्डरी बघत बसतात. म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, राखी पाठवायची आहे का. भर जानेवारीत.

काम असं आहे. मी ज्यावर डिझाइनं विकते त्या पोर्टलने माझा बोंडवेल विक्रीतून उतरवला. मी काय करते ते तुला ढोबळ माहीत आहे. भरतकामाचं डिझाइन कॉम्प्युटरवर बसवते, कुठला टाका कुठे पडेल आणि दोरा कुठे तुटेल इथपर्यंत. लोक ती फाइल विकत घेऊन मशीनला लावतात आणि मशीन भरत सुटतं. परवाना अगदी साधा आहे. फाइल घ्या, हव्या तेवढ्या साड्या भरा, पण ती दुसऱ्याला देऊ नका आणि विकू नका. माझ्या 'कपाशी' या ऑनलाइन दुकानात सगळ्यांत जास्त खपतो तो हाच वेल. पान, पिवळं फूल आणि फुटलेलं बोंड.

आता तुमच्या अकोल्याच्या 'वऱ्हाडी धागा' नावाच्या कुणी महाभागाने तक्रार केली आहे की हा वेल त्यांच्या घरचा आणि मी तो चोरला. माझी फाइल २०२२ सालची आहे. ते म्हणतात, आमचं काम त्याहून कितीतरी जुनं आहे. पुरावा काय दिला आहे ते पोर्टलने अजून सांगितलेलं नाही.

जुनंच काढायचं तर माझ्याइतकं जुनं कुणाकडे असणार? तुझ्या लग्नातल्या रुखवताच्या टेबलाचा फोटो आठव. निळ्या कापडावर मी भरलेला बोंडवेल त्यात मधोमध आहे. अल्बममधलं ते पान तेवढं पाठव. आणि हे 'वऱ्हाडी धागा' कोण आहे त्याची जरा चौकशी कर. शिवणक्लास चालवतेस, अकोल्यातला प्रत्येक रीळवाला तुला ओळखतो.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझी
प्रणिता

अकोला
१५ जानेवारी २०२५

चि. प्रणिता,

तिळगूळ घे आणि गोड बोल. तुझं पत्र पोस्टमनने नेमकं सासूबाईंच्या हातात दिलं. "कोनाचं व पत्र?" म्हणाल्या. मी म्हटलं, बँकेचं. यापुढे क्लासच्या पत्त्यावर टाकत जा.

अल्बम माळ्यावर आहे आणि माळ्यावर वाळवी आहे. माळ्यावर नसला तर अकोटला आपल्या भगवंतमामांकडे असेल. आणि 'वऱ्हाडी धागा' मी कधी ऐकलं नाही बाई. अकोल्यात आता गल्लोगल्ली कॉम्प्युटरची मशीनं आली आहेत, कुणाकुणाला विचारत फिरू?

राग मानू नकोस, मावस असले तरी मोठी बहीण म्हणून सांगते. बोंड काय तू शोधलंस? बाहेर शेतात बघ, लाखांनी लागलेलं असतं. एखाद्याने काढलं आपल्या परीने, तर एवढं रामायण कशाला? हे पोर्टलवाले भारी कडक असतात म्हणे. महिनाभरात उत्तर पटलं नाही तर दुकानच कायमचं बंद करतात. त्यापेक्षा आपणहून ते एक डिझाइन काढून टाक आणि मोकळी हो.

आमच्याकडे काल हळदीकुंकू झालं. सासूबाई नेहमीप्रमाणे एकेका बाईला हाताला धरून भिंतीवरच्या, रुखवतातल्या त्या चौकटीपुढे उभं करत होत्या. "आमच्या सुनेच्या हातचं हाय बरं. लग्नात संगं आनलं होतं." बाया बघत होत्या आणि मी खाली मान घालून वाण देत होते. काय करू, गर्दीच तेवढी होती.

सध्या इकडे येऊ नकोस. घराला रंग चालू आहे, बसायलाही जागा नाही.

तुझी
ताई

अमरावती
२१ जानेवारी २०२५

रागिणीताई,

ज्या घराला रंग चालू आहे, त्याच घरात गावभरच्या बाया हळदीकुंकवाला बोलावणं हे फक्त तुझ्या सासूबाईच करू जाणोत.

तिळगूळ खाल्ला. आता गोड बोलते. महिनाभराच्या मुदतीचं मी तुला लिहिलं नव्हतं. माझं पत्र पुन्हा काढून वाच, कुठेही सापडणार नाही. ती मुदत दोघांनाच माहीत होती, मला आणि तक्रार करणाऱ्याला.

तक्रारीची प्रत परवा आली. तक्रारदार, श्री. नितेश, अकोला. म्हणजे तुझे सख्खे दीर. आणि पुरावा बघ काय दिला आहे. तुझ्या लग्नातल्या त्याच चौकटीचा फोटो, नीट जवळून, बाकीचं सगळं कापून. मधोमध बोंडवेल, कोपऱ्यात 'रागिणी'. खाली लिहिलं आहे की सदर कलाकृती माझ्या वहिनींनी २००८ साली स्वहस्ते निर्माण केली. स्वहस्ते हा शब्द वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

आता तुझ्या हातांची आठवण करून देते. अकोटला मामांच्या घरी तो अख्खा मे महिना आम्ही सगळ्या तुझं रुखवत करत होतो. मामी नारळाची बोट करत होती. तुझ्याकडे सुपारीच्या वाजंत्रीवाल्यांचे डोळे काढायचं काम होतं. सनईवाल्याला तू तीन डोळे काढलेस आणि तो नजर लागू नये म्हणून तसाच ठेवला. मी दहावीची परीक्षा देऊन आले होते आणि खिडकीत बसून वेल भरत होते. शेवटी मामी म्हणाली, "कोपऱ्यात नवरीचं नाव घाल. रुखवतात सगळ्याइवर नवरीचंच नाव राह्यते." मी घातलं. तुझं नाव माझ्या हाताने घातलं, ताई.

मला तुझ्याकडून एकच कागद हवा आहे. हा वेल प्रणिताने भरला, एवढं लिही आणि सही कर. पोर्टलने दहा फेब्रुवारीपर्यंत वेळ दिला आहे. हे तुला आधीच माहीत असेल म्हणा.

प्रणिता

अकोला
२८ जानेवारी २०२५

प्रणिता,

हो. नितेशभाऊजींनीच तक्रार केली. झालं समाधान?

आता माझं ऐक. दिवाळीत तू मला फाइल दिलीस, एका साडीला लावायला. मशीन भाऊजींच्या दुकानात आहे, तिथेच ती लावली. फाइल मशीनमध्ये राहून गेली. परवान्याचा कागद सोबत होता म्हणशील. साडीच्या घडीत धुण्याच्या सूचनांचा कागद येतो, तो तू वाचतेस का? भाऊजींनी फाइल बघितली आणि त्यांना वाटलं, मी घरातल्या चौकटीवरूनच ती करून घेतली. त्यांनी 'वऱ्हाडी धागा' या नावाने ती विकायला लावली, मला न विचारता. मग कुणी गिऱ्हाईक म्हणालं की हेच डिझाइन 'कपाशी' विकते. भाऊजी जेवत्या ताटावरून उठले. म्हणाले, "वहिनी, तुमचं काम कोनीतरी चोरून इकून राह्यलं. मी सोडत नाई त्याले."

'कपाशी' म्हणजे कोण हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं हे मलाही कळतं. पण या घरात माझ्या बाजूने भांडायला कुणी निघालं, असं पहिल्यांदा होत होतं. मी ते बघत राहिले.

तू म्हणशील, काय एवढं त्या चौकटीचं. तुला सासू नाही, तुला कळणार नाही. माझ्या भाकरीला सासूबाईंनी कधी बरं म्हटलं नाही. माझा रंग, माझं बोलणं, मामांनी दिलेलं आंदण, सगळ्यावरून ऐकवून झालं. लग्नानंतर आठवडाभराने त्यांनी स्वतः खिळा ठोकून ही एक वस्तू समोरच्या खोलीत लावली. त्या दिवसापासून मी या घरात कुणीतरी झाले. माझ्या क्लासच्या पाटीवरही तोच वेल आहे. पोरी येतात त्या तो बघून येतात. तुझा कागद मी लिहून दिला तर भाऊजी तो आधी घरीच वाचतील.

आणि तेव्हा तूही काही बोलली नव्हतीस. रुखवत मांडलं होतं आणि तू मागे उभी राहून जिलेबी खात होतीस. फोटोत दिसते आहेस.

म्हणून म्हणते, पोर्टलवर दोघींचं नाव लावू. नाही तर तू दुसरं काहीतरी काढ. तुला काय, रोज नवा वेल सुचतो. माझ्याकडे एकच आहे.

ताई

अमरावती
१ फेब्रुवारी २०२५

ताई,

अल्बमला वाळवी लागली असूनही माझी जिलेबी शाबूत राहिली, हे वाचून बरं वाटलं.

तुला वाटतं एका डिझाइनचा प्रश्न आहे. तसं नाही. तक्रार टिकली तर माझं अख्खं दुकान जाईल. सहा वर्षं मान मोडून केलेले सगळे काठ, सगळी फुलं, सगळे पक्षी. आणि नावावर चोरीचा शिक्का बसेल, मग दुसरं पोर्टलही दारात उभं करणार नाही. तुझ्याकडे एकच वेल आहे म्हणतेस. तो माझा आहे, आणि तो ठेवायचा तर माझे बाकीचे सगळे जातात. जरा हिशोब कर आणि मग मोठी बहीण हो.

दरम्यान मी पोर्टलला रुखवत समजावून सांगत होते. मी लिहिलं, लग्नात नवरीच्या कलाकुसरीचं प्रदर्शन मांडतात. त्यांनी विचारलं, हे प्रदर्शन कोणत्या संस्थेने भरवलं? मी लिहिलं, भगवंतमामा, अकोट, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त. त्यांनी विचारलं, प्रवेश सर्वांना खुला होता का? म्हटलं, जेवायला आलेल्या सर्वांना. परीक्षक होते का? म्हटलं, मुलाकडच्या बाया, आणि त्यांच्याइतके कडक परीक्षक तुमच्या पोर्टलवरही नसतील. शेवटी विचारलं, वस्तूवर जिचं नाव, तिनेच वस्तू बनवली असं आम्ही का धरू नये? इथे मात्र मी अडले. रुखवत बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही आणि न बघितलेल्याला सांगता येत नाही.

मग मला मामांच्या चिठ्ठ्या आठवल्या. 'कलाकुसर: चि. सौ. कां. रागिणी' अशा चिठ्ठ्या मामांनी छापून आणल्या होत्या आणि त्या भरपूर उरल्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्यांनी त्या आंदणाच्या वस्तूंवरही लावल्या. लोखंडी कपाटावर एक, कूलरवर एक, पाण्याच्या टाकीवर एक. नितेशरावांनी फोटो कापला त्यात हे सगळं गेलं. पूर्ण पानात उजव्या बाजूला कपाट उभं आहे आणि त्याच्या दारावर तुझं नाव आहे.

ते पान पाठव. कागद नको, सही नको, एक शब्द लिहू नकोस. नाव असलं म्हणजे वस्तू तिनेच बनवली असं होत नाही, हे कपाटच सांगेल. त्यांचा २००८चा पुरावा पडला की उरतात दोघांच्या फाइली, आणि त्यात माझी आधीची आहे. तुझ्या सासूबाईंना काही कळणार नाही.

दहा तारीख जवळ आली आहे.

प्रणिता

अकोला
६ फेब्रुवारी २०२५

प्रणिता,

पोस्टाने वेळेत पोहोचणार नाही, म्हणून अमरावतीच्या गाडीत पार्सल टाकलं आहे. स्टँडवरून घे. स्कॅन करायचं तर भाऊजींच्याच दुकानात करावं लागलं असतं. म्हणून अख्खं पानच फाडून दिलं आहे.

वाळवी नव्हती.

ताई

अमरावती
२२ फेब्रुवारी २०२५

ताई,

जिंकलो. म्हणजे मी आणि कपाट.

पोर्टलने नितेशरावांना लेखी विचारलं, "सोबतच्या छायाचित्रानुसार सदर रागिणी यांनी लोखंडी कपाट, कूलर व पाण्याची टाकी यांचीही निर्मिती केली आहे काय?" उत्तर आलं नाही. परवा निकाल आला की वस्तूवरचं नाव हा निर्मितीचा पुरावा धरता येत नाही, सबब आधीची फाइल ग्राह्य. माझं दुकान उघडलं आणि 'वऱ्हाडी धागा'वरचा बोंडवेल उतरला. ज्या कुणी तिकडे बसून हा निकाल लिहिला त्याला मी एकदा आपल्याकडच्या लग्नाला बोलावणार आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छायाचित्रानुसार म्हणजे ते पान त्यांनी नितेशरावांना पाठवलं असणार. मी तुला लिहिलं होतं की घरी काही कळणार नाही. ते मी विचार न करता लिहिलं. मला पान हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुझा फोन लागत नाही. कुकरसुद्धा ऐकू येत नाही. दोन ओळी तरी लिही.

प्रणिता

अकोला
९ मार्च २०२५

प्रणिता,

लिहायला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

पोर्टलचं ते पत्र भाऊजींनी रात्री जेवताना मोठ्याने वाचलं. "वहिनी, हे लोकं इचारून राह्यले, कपाट तुमी बनवलं का म्हनून. पागल हायेत का हे?" ते हसले. मीही हसले. सासूबाईंनी मोबाइल मागितला. चष्मा पुसून त्यांनी पत्रासोबतचा तो फोटो बराच वेळ पाहिला.

"हे चिठ्ठी कपाटावर हाय," त्या म्हणाल्या. "अन् हेच चिठ्ठी चौकटीखाली हाय."

मी ताटातल्या भाताला आळं करत बसले.

"कपाट तं तुनं नाई बनवलं."

"नाही."

"मंग वेल कोनं काढला?"

आता खोटं बोलायला कुठून सुरुवात करावी तेही सुचेना. म्हटलं, प्रणितानं. "कोन प्रनिता?" मी म्हटलं, माझी मावसबहीण, अमरावतीची, फोटोत मागे जिलेबी खाते आहे ती. त्यांनी पुन्हा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तुला शोधून काढलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि झोपायला गेल्या. सकाळी उठून पाहते तर चौकट खाली काढून भिंतीला टेकवली होती आणि खिळ्याला बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं होतं. माझ्याशी बोलत नाहीत. भाऊजींना सांगताना मी ऐकलं, "इतके वर्ष म्या लोकाइले खोटं सांगतलं." त्यांना चौकटीचं नाही, त्याचं लागलं आहे. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना त्या आता कोणत्या तोंडाने भेटणार? आणि भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठीच केलं होतं ना मी." त्यावर मी काय बोलायचं, ते तू सांग. तुला सगळ्याची उत्तरं येतात.

क्लास चालू आहे. पोरींना सांगितलं, वेल माझा नाही. एकही गेली नाही. त्यांना ब्लाउज बेतायला शिकायचं आहे, वेलाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

चौकटीतून कापड काढलं. ब्लेडने एकेक टाका कापून माझं नाव उसवलं. या पत्राबरोबर कापड पाठवते आहे. तुझं तुला परत. आता त्यावर कुणाचंही नाव नाही. तुझ्या दुकानात लाव.

ताई

अमरावती
१६ मार्च २०२५

ताई,

कापड मिळालं. तुला नाव धड उसवतासुद्धा येत नाही.

इतकी वर्षं ते तुमच्या खिडकीसमोर टांगलेलं होतं. कापड विटून फिकं झालं आहे. फक्त दोऱ्याखालचं गर्द निळं राहिलं आहे, नव्यासारखं. तू दोरा काढलास आणि खालून 'रागिणी' वर आलं, आधीपेक्षा ठसठशीत. माझ्या टेबलावर आहे आणि दारातूनही वाचता येतं. आता हे पुसायचं म्हणजे कापडच कापावं लागेल, आणि ते मी कापणार नाही.

तुझी आधीची पत्रं पुन्हा वाचली. तुझा रागही येतो आणि तुझी दयाही येते, आणि यातलं कोणतं लिहावं ते कळत नाही. एक मात्र खरं आहे. ते नाव माझ्याकडून कुणी जबरदस्तीने घालून घेतलं नव्हतं. माझ्या ताईचं लग्न होतं आणि माझ्या वेलावर तिचं नाव बघून मला फार बरं वाटलं होतं. पण मी ते दिलं होतं मांडवापुरतं. तू ते सोळा वर्षं वापरलंस आणि वरून दिराला वापरू दिलंस. म्हणून आता रीतसर परवाना देते. नीट वाच. धुण्याच्या सूचना समजून फेकू नकोस.

परवाना. सौ. रागिणी, मुक्काम अकोला, यांस सदर बोंडवेल राहत्या घरातील एका भिंतीवर लावण्याची मुभा देण्यात येत आहे. व्यापारी वापरास मनाई. हा परवाना दिराकडे हस्तांतरित करता येणार नाही. वेल आपण काढला असे पाहुण्यांस सांगता येणार नाही. कपाट आपण बनवले असे खुशाल सांगावे. कोपऱ्यातील नाव आहे तिथेच राहील. त्याखाली बोटभर जागा मोकळी आहे, तेथे 'प्रणिता' हे नाव परवानाधारकाने स्वहस्ते भरावयाचे आहे. मशीनने भरल्यास परवाना तात्काळ रद्द.

कापड परत पाठवते आहे. सोबत पांढऱ्या दोऱ्याची लडी आहे आणि एक सुई. तुझ्या क्लासमध्ये मशीनच्या सुया असतात. ही हाताची आहे.

तुझी
प्रणिता

अकोला
२२ एप्रिल २०२५

चि. प्रणिता,

तुझा परवाना मिळाला. तुझ्यासारखं दीडशहाणं माणूस वऱ्हाडात दुसरं नाही.

एवढे दिवस लागले कारण नाव तीनदा उसवलं. 'प्र' उभा राहिला की 'णि' झोपतो. 'ता'ला काना काढला तर तो थेट बोंडाला जाऊन टेकला. दुपारी क्लास सुटल्यावर समोरच्या खोलीत बसून भरत होते. सासूबाई कॅलेंडरकडे तोंड करून बसलेल्या. दोन-तीन दिवस त्यांनी बघितलं नाही. मग एका दुपारी दोऱ्याचा गुंता झाला आणि मी दाताने तोडायला गेले, तर पाठीमागून आवाज आला, "इतला लंबा दोरा काहून घेतं? गुतीन नाई तं काय होईन?" हे त्यांचं त्या रात्रीनंतरचं पहिलं वाक्य. मी दोरा आखूड घेतला.

नाव झालं. वाकडं आहे. 'ता'चा काना अजूनही बोंडात घुसला आहे, पण पुन्हा उसवायचं त्राण नव्हतं. भाऊजींनी चौकट बसवून दिली. कॅलेंडर काढून चौकट लावली ती सासूबाईंनीच. मी काही म्हटलं नव्हतं.

परवा परतवाड्याहून त्यांच्या बहीण आल्या, पंचफुलामावशी. चौकटीचं कौतुक त्यांनी इतकी वर्षं फोनवरच ऐकलं होतं, खरं काय ते त्यांना माहीत नव्हतं. चौकटीकडे बघून म्हणाल्या, "अव बाई, तुया सुनेनं काढलेला वेल काय हाच?" मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. आता सासूबाई विषय बदलतील आणि मग मला आत नेऊन ऐकवतील, असं वाटलं.

त्या उठल्या. मावशींना हाताला धरून चौकटीपुढे नेलं, अगदी पूर्वीसारखं.

"वेल अमरावतीच्या पोट्टीनं काढला," त्या म्हणाल्या. "अन् खालतं हे वाकडंतिकडं नाव हाय ना, ते आमच्या सुनेच्या हातचं हाय."

आवाज त्यांनी जराही खाली केला नाही. मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि वेल सोडून ते नावच बघत राहिल्या.

तुझी
ताई